खाच

लोक म्हणतात, नवा घ्या.
नवा घेतला की माझी अक्षरं जातात.
दोन हजार आठचा हा फॉन्ट
नव्या मशीनवर उघडला की
‘चि. सौ. कां.’च्या जागी येतात
टोप्या, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं.
इतक्या वर्षांच्या पत्रिका, उत्तरकार्याची पत्रं,
रामबागेतल्या मंडळाचे अहवाल,
आणि इंदुरात दुसरीकडे कुठे धड न मिळणारा
एक गुबगुबीत ळ.

म्हणून जुन्याचीच मेमरी वाढवायची.

बाजूचं झाकण काढलं.
स्क्रू चार, त्यातला एक कधीचाच नाही.
मोबाइलच्या उजेडात दिसल्या दोन पट्ट्या,
पाचशे बाराच्या, धुळीत शेजारी शेजारी.
चिमटे लोटले तशी एक टक्कन वर आली.
तिच्या पोटावरचा आकडा वहीत उतरवला,
लग्नपत्रिकेच्या उरलेल्या पाकिटात तिला घातलं
आणि जेल रोडला गेले,
सीतलामाता बाजारात अस्तर जुळवायला
साडी नेतात तशी.

लखवानींकडे ड्रॉवरभर पट्ट्या,
हिरव्या, सगळ्या सारख्या.
त्यांनी एक काढली. ‘चल जाएगी, मॅडम.’
चालेल, की चालू लागेल,
की चालती होईल?
आम्ही इंदूरचे. हिंदीत होकार देतो
आणि मराठीत शंका काढतो.

मी माझी पट्टी तिच्यावर ठेवली.
लांबी तीच, उंची तीच,
दात दोघींना दोनशे चाळीस.
फक्त खालची खाच
तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली.
तेवढ्यावर अडतं.
जोर केला तर बसत नाही, मोडतं.
‘ही तीन नंबरची,’ मी म्हटलं, ‘मला दोनची हवी.’
लखवानींनी चष्मा कपाळावर चढवला,
माझ्याकडे नीट पाहिलं, आणि आतल्या पोराला
जुना डबा आणायला सांगितलं.

बिस्किटांच्या त्या डब्यातून निघाल्या दोन,
दोन-दोन जीबीच्या,
एक आठशेची, एक सहाशे सदुसष्टची.
‘जमेल दोघींचं?’
‘जमेल. वेगवाली हळूवालीच्या चालीनं चालते.
उलटं होत नाही.’
नऊशेचं बिल लिहिता लिहिता
हे त्यांनी इतकं सहज सांगितलं
की उरलेले शंभर मागायचे राहिलेच.

घरी बसवल्या. लांब शिट्ट्या, काळा पडदा.
भाच्याच्या कंपासपेटीतला
स्ट्रॉबेरीच्या वासाचा खोडरबर
सोनेरी दातांवरून फिरवला,
फुंकर मारली,
दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.
चिमटे आपणहून मिटले.

या वेळी एकच शिट्टी, आखूड.

आत जाऊन पाहिलं: सव्वातीन.
चार आणले होते.
फोन केला. लखवानी म्हणाले,
पाऊण आहे तिथंच, कुठे जात नाही,
तुमच्या जुन्याला पुढचं मोजता येत नाही.

मग फाइल उघडायला घेतली.
एरवी ती उघडेपर्यंत मी गॅलरीत जायची.
समोर बोरगावकरबाई तांदूळ निवडत असायच्या.
गुडघा, भाजी, पुण्याहून न आलेला फोन,
चार मिनिटांत सगळं होऊन जायचं.
आज खुर्ची मागे सरकवली, उठले,
तोवर पत्रिका समोर हजर,
ळसकट.
उभीच राहिले जरा.
पलीकडे कठड्यावर
त्यांचं ताट वाजलं.

जुन्या दोघी त्याच पाकिटात घातल्या.
वर लिहिलं:
चालू आहेत.
जोडीनंच द्याव्या.