दहापैकी किती

सांगली, हरिपूर रस्त्याकडेचं मैदान.
नववी ब तिसरी फेरी संपवून उभी.
दोन बोटं जबड्याखाली. अंगठा नको,
अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते.
पंधरा सेकंद मोजा, गुणिले चार.

हळदीचा ट्रक गेला,
अर्धा वर्ग शिंकला. मोजणी पुन्हा.

चौगुले गुणाकारात अडकलाय.
मुजावर म्हणतो, मॅडम, माझी बंदच आहे.

मग विचारते, दहापैकी किती दमलात?
गाणं म्हणता आलं तर तीन,
पत्ता सांगता आला तर पाच,
नुसता एक शब्द निघाला तर आठ.

तेजल खोत म्हणते, चार.
ओठ पांढरे, वेणी घामानं पाठीला चिकटलेली.
पत्ता सांग बघू.
"गल्ली... नंबर..."
पुढचं येत नाही.

तिच्या मानेवर मीच बोटं ठेवते.
सत्तेचाळीस.
गुणिले चार मी मोठ्यानं करत नाही.
घरी विचारलं की काय सांगतेस?
"कुणी विचारत नाही."

पुढच्या फेरीत ती अर्ध्यातच थांबते,
गुडघ्यांवर हात,
आणि पार पलीकडच्या गोलपोस्टपासून ओरडते,
आठ!

वहीत लिहून घेते.
शिट्टी वाजवायची राहूनच जाते.