पॅचच्या शेजारी

कॅलेंडरच्या मागल्या पानावर मी रेघा ओढते.
दुधाच्या नव्हेत, खड्ड्याच्या.
परवा सतरावी ओढली.

शिवाजी पेठेतला आमचा बोळ
इतका अरुंद, की आत आलेली रिक्षा उलटीच बाहेर जाते.
त्याच्या मधोमध, माझ्या उंबऱ्यापासून चार पावलांवर,
महापालिकेचं आणि माझं हे नातं.

पहिल्या खड्ड्याला थोरल्या सुनेचं डोहाळजेवण होतं.
ओटी भरायला बायका फळीवरनं आल्या,
एकमेकींचे हात धरून.
सहाव्याला ते बाळ चेंडू काढायला आत उतरलं
आणि चिखलाचा गणपती होऊन वर आलं.
आता चौथीत आहे. निबंधात लिहितं,
'आमच्या घरासमोर एक खड्डा आहे.
तो अधूनमधून बंद असतो.'
बाईंनी बरोबरची खूण केली.

नवव्याला तालमीतल्या पोरांनी केक आणला.
बॅरिकेडला हार घातला, फ्लेक्स लावला:
'गल्लीचा लाडका, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'
हसून हसून पोट दुखलं.
त्या दिवशीही नळाला पाणी नव्हतं.

साहेब बदलतात. नवा आला की मोबाईलवर फोटो काढतो,
म्हणतो, 'मावशी, आता कायमचं करतो.'
मागच्या तिघांचं कायमचं मी मोजलंय:
एकोणीस दिवस.
दोन महिने.
एक दिवाळी.

बदलत नाही तो हिंदुराव भोपळे, चावीवाला.
रिटायर झाला, तरी त्यालाच बोलावतात,
कारण जुन्या लाईनीचा नकाशा
ऑफिसात सापडत नाही, त्याच्या डोक्यात सापडतो.
तो येतो, पायताण काढतो,
लोखंडी सळई रस्त्यावर टेकवून वरच्या टोकाला कान लावतो
आणि सगळ्या बोळाला म्हणतो, 'गप बसा जरा.'
आम्ही कुकरखालचा गॅससुद्धा बंद करतो.

सतराव्याला त्याला चहा दिला आणि भांडले.
'हिंदुराव, लाज वाटती का न्हाई? सतरा येळा?'
त्यानं बशीतला शेवटचा घोट घेतला.
'वैनी, माझा एकबी पॅच फुटलेला न्हाई.
उतरा नि बघा.'

उतरले. पासष्टाव्या वर्षी, साडी खोचून,
त्याच्या खांद्यावर हात ठेवून.
आत गार होतं. कडेला रस्त्याचे थर:
डांबर, खडी, डांबर, मुरूम, डांबर,
आणि मधेच एक निळी चप्पल, नातवाची, डाव्या पायाची,
जी हरवली म्हणून मी त्याला मारलं होतं.
खाली ती. काळी, गंजलेली,
कोपरापर्यंत बांगड्या भराव्यात
तसे एकाला एक चिकटून क्लॅम्प.

'पॅच धरतो,' तो म्हणाला, 'शेजार सोडतो.
हितं आवळलं की जोर फुडं सरकतो.
आख्खी बदला म्हणून बत्तीस वर्सं सांगतोय.
पॅचचं बिल निघतं, वैनी.
आख्खीला बैठक लागती.'

मी वर आले. भांडण खालीच राहिलं,
त्यावर त्यांनी संध्याकाळी मुरूम ओतला.

सळई माझ्या दारात टेकलेली होती.
विसरला, की ठेवून गेला, ठाऊक नाही.
रात्री अडीचला पाणी सोडतात.
उठले, अनवाणी बाहेर आले, कान लावला.
माझ्या दारापुढं काही नाही.
चार पावलं पुढं, काही नाही.
इनामदारांच्या नव्या सुनेनं
सकाळसाठी सारवून ठेवलेल्या चौकोनापाशी टेकवली,
तर आत, खूप खोल,
सुईतून दोरा ओढावा तसं काहीतरी.

सकाळी तिला एक कॅलेंडर नेऊन दिलं,
मागलं पान कोरं बघून,
दोऱ्याला पेन्सिल बांधून.
ती म्हणाली, 'कशाला, काकू?'
म्हटलं, 'असू दे गं.
दुधाला.'