कुल अनिश्चित

नमुना क्रमांक एकशे सत्तावीस.
सुरतेपलीकडच्या लिग्नाइटच्या खाणीतून
फरसाणाच्या डब्यात, कापसात गुंडाळून आलेली राळ.
दस्तगीर शिकलगार ती नखावर घेतात,
लॉ कॉलेज रोडच्या खिडकीकडे धरतात,
एक डोळा मिटतात.
"आहे," म्हणतात. "बाई की बुवा, ते तुम्ही बघा."

त्यांच्या वडलांनी मोमिनपुऱ्यात
सुऱ्याकात्र्यांना धार लावली.
हे राळ घासतात, पाण्यात भिजवलेल्या कागदावर,
ओठांतल्या ओठांत मोजत.
जास्त घासलं तर मिशी जाते,
कमी घासलं तर मिशी दिसत नाही.
खोलीत उदासारखा वास सुटतो
आणि शेजारच्या बुरशीवाल्या मॅडम
कुणाची पूजा आहे विचारून जातात.

मी लिहिते:
लांबी दोन मिलिमीटरला जरा कमी.
डोकं रुंद. डोळ्यांवर केस नाहीत.
शृंगिकेची पेरं बारा.
बारा म्हणजे मादी, तेरा असती तर नर,
पण बारावं पेर एका बुडबुड्यामागे शिरलंय
आणि त्याच्यापुढे अजून कुणी आहे का
हे आठवडाभर कळत नाही.
पुढच्या पंखात शिरा तीन. चौथी मध्येच थांबते,
प्रभात रोडची एखादी गल्ली
बंगल्याच्या फाटकाशी संपावी तशी.
(हे खोडलं. वर्णनात उपमा चालत नाही.)

घरी सांगायचं तर गांधीलमाशी म्हणावं लागतं
आणि आईला दिसते ती पत्र्याखालची,
पिवळी, गाल सुजवणारी.
हिच्याएवढ्या बारकीला आपल्यात शब्दच नाही.
हिने कुणाचं काही बिघडवलं नसणार.

चहाला शिकलगार विचारतात,
"मग हिची जात कोणती?"

प्रश्न शास्त्राचाच आहे.
रकाने छापलेलेच आहेत: गण, कुल, प्रजाती, जात.
तरी कप जरा थांबतात, माझा आणि त्यांचाही.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर त्या रकान्यात
मास्तरांनी एक लिहून, खोडून, दुसरं लिहिलं होतं.
ती खोड निस्तरायला चार वर्षं गेली,
पणजोबांचा मोडीतला एक कागद,
आणि येरवड्याच्या कचेरीत बाबांची सतरा टोकन.

"ठरत नाहीये," मी म्हणते.
"पंख एका कुळाचे, कंबर दुसऱ्याची."
"मग तसंच लिहा की."

तसं लिहिता येतं, रीत आहे:
कुल अनिश्चित.
छापून येतं, कुणी पडताळणीला बोलवत नाही,
जातीला नावसुद्धा देता येतं त्याच्याखाली.
मला त्या माशीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

शनिवारी ते म्हणाले, बुडबुडा काढू का?
हात चुकला तर शृंगिका जाईल, माझं वर्ष जाईल.
मी पंख्याकडे बघत हो म्हटलं.
सात घासण्या. आठवीला थांबले,
शर्टाच्या बाहीवर पुसून काचेवर ठेवली.
पाच कोटी वर्षांची हवा खोलीत आली असणार.
पंखा फिरत होताच.

आता ते दाराशी चपला शोधतायत,
आज नातवाचा दात दाखवायचाय डॉक्टरला.
"काय निघालं? बाई की बुवा?"
थांबा, मी म्हणते,
डोळा भिंगावरून न काढता.
नऊ.
दहा.