पाणी लपवा

बाबांच्या खोलीत टेबल एकच, म्हणून
इन्सुलिनचा रेणू त्यांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी फिरतो.
माउसने ओढला की वळतो,
सोडला की थोडा आपल्याच नादात वळत राहतो.

"हेच का ते, फ्रिजच्या दारातलं?
कोथिंबिरीच्या वरचं?"
हेच. सहाजण जस्ताला धरून बसलेत कोंडाळं करून.
सोमवारपर्यंत त्यांना सुटं करून दाखवायचंय,
बारा सेकंदांत, सावकाश,
डॉक्टरांनी मान डोलवावी असं.

मुरारराव पोळ, केमिस्ट्री विभागाचे अटेंडंट, निवृत्त,
चष्मा कपाळावर ढकलून पडद्याला नाक लावतात.
त्यांच्या हाताखालचे रेणू लाकडाचे होते,
संखेड्याच्या खराद्याने उतरवलेले.
कार्बन काळा, ऑक्सिजन कुंकवाचा,
गंधक पिवळं. ते पोरं नखानं खरवडायची,
मग दिवाळीच्या सुट्टीत बाबा ब्रश घेऊन बसायचे.
हायड्रोजन दर वर्षी कमी भरायचे.
(एक माझ्या फ्रॉकच्या खिशात होता. अजून सांगितलेलं नाही.)

"रंग कोण ठरवतं?"
मेनूत असतात, बाबा. खरे रंग नसतातच त्यांना.
"ठाऊक आहे. तरी गंधक पिवळंच ठेव."

सावली मात्र त्यांना पटत नाही.
दिवा कुठाय, म्हणतात, सावली पडायला?
मी दिवा सरकवून दाखवते: डावीकडे, वर, पार मागे.
ते खिडकीकडे बघतात.
नवापुऱ्याचं ऊन जागच्या जागी.

"आणि पाणी? रक्तात पाणी असतं ना?"
लपवलंय. एक खूण करावी लागते फक्त.
नाहीतर धड काही दिसत नाही.
"दाखव."

खूण काढते.
तांबडे ठिपके, शेकडो, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
लॅपटॉपचा पंखा घरघरतो,
रेणू अडखळतो, बुडतो.

बाबा खुर्चीत मागे टेकतात.
विश्वामित्री तळघरात शिरली त्या साली
मगर असेल म्हणून कोणी उतरेना.
हेच उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बादली.
कपाट उघडलं तर डिंक सुटलेला,
आणि काळे, तांबडे, पांढरे
जो तो आपापला तरंगत.
"असंच होतं," ते म्हणतात.
"फक्त बारा सेकंदांत नाही. रात्रभर लागली."

मी चहा टाकून येते
तर ते बोट टेकवून टेकवून ठिपके मोजताहेत.
"सगळे ऑक्सिजनच गं.
यातही हायड्रोजन कमीच."

मी कपबशी ठेवते.
हात उगाच खिशाकडे जातो.