बिनफुलीचा बन

टॉडमॉर्डनच्या मंडईत, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी,
मिसेस क्रॅब्ट्रीनं माझ्यासाठी
एक बन बाजूला काढून ठेवला होता.
बाकी सगळ्यांच्या पाठीवर पांढरी फुली,
ह्याची पाठ कोरी.
"तू ते... मानत नाहीस ना काही," ती हळूच म्हणाली,
जणू मला मधुमेह असावा.

चूक माझीच. गेल्या नोव्हेंबरात तिनं विचारलं,
तुमच्यात ख्रिसमस असतो का,
आणि एक्स-रे काढताना "श्वास रोखा" म्हणतो
तशा सपाट आवाजात मी सांगून बसलो,
मी नास्तिक आहे.
तेव्हापासून ती माझी पथ्यं सांभाळते.
डिसेंबरात पुडिंग दिलं,
वर म्हणाली, ब्रँडी पेटवतात तेवढं बघू नकोस.
पॅनकेकच्या मंगळवारी पॅनकेक दिलाच नाही.
बुधवारी दिला, शिळा.
म्हणे, आता तो नुसता पॅनकेक आहे.

आपले लोक काय कमी!
हॅलिफॅक्सला स्काउटांच्या हॉलमध्ये सत्यनारायण.
भडकमकर वहिनींनी द्रोण पुढे केला,
आठवलं, मागे घेतला.
"तुम्हाला प्रसाद कसा देणार? थांबा, हा शिरा घ्या."
त्याच कढईतला, त्याच द्रोणातला.
वरचं तुळशीचं पान तेवढं
दोन बोटांनी उचललं, माशी उचलावी तसं.
म्हटलं, वहिनी, राहू द्या ते पान,
मला तुळशीचा वास आवडतो.
त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं
की पेशंट सुधारतोय.

आषाढात तर फोनच आला,
एकादशीला तुमच्याकडे मटण असेल ना?
नव्हतं. साबुदाण्याची खिचडी होती,
दाण्याचं कूट सढळ, दोनदा घेतली.
"उपास नसताना?"
म्हटलं, पोट भरलेलं असलं की जास्त चांगली लागते.
पलीकडं बराच वेळ शांतता.
फोन बहुधा स्पीकरवर होता.

एक कबुली देतो, हॅलिफॅक्सपर्यंत जाऊ देऊ नका.
रवा मोजून, तूप मोजून, केळं कुस्करून
पाचदा करून पाहिलं,
सत्यनारायणाच्या शिऱ्याची चव घरी येत नाही.
कारणं मी शोधलीत:
सव्वापट तूप, मोठी कढई,
दोन तास लांबलेली कथा, त्यानं खवळलेली भूक.
कारणं बरोबर आहेत.
शिरा मात्र होत नाही.

तर, बन.
क्रॅब्ट्रीबाईंना म्हटलं, फुलीवालाच द्या,
त्या रेघांच्या कडा कुरकुरीत होतात,
मी त्या आधी सोलून खातो.
"त्रास नाही होणार?"
"दात शाबूत आहेत."
तिनं इकडंतिकडं पाहिलं,
चीजवाला गिऱ्हाइकात गुंतला होता.
मग काउंटरवर वाकून म्हणाली,
नवरा गेल्यापासून, एकोणीस वर्षं,
तीही चर्चात गेलेली नाही.
"पण फुली हातानंच काढते हं.
फुल्या मारायचं यंत्र मिळतं, घेतलं नाही."
तिच्या बोटांवर पीठ वाळलं होतं.

फुलीवाले चार घेतले.
कोरा परत देऊ लागलो, तर म्हणाली,
ठेव, त्याचे पैसे नकोत,
तो आता दुसरं कोण घेणार?

बसमध्ये आधी तोच खाल्ला.
काहीतरी कमी होतं.
मीठ असावं.