उमरेडपर्यंतच

पेटी संत्र्याची, कळमन्याहून वीस रुपयांत.
तिच्यात देवचंदकाकांच्या मागाची तूर,
विणलेलं लुगडं जिच्यावर गुंडाळत जायचं ती,
करवतीनं कापून दोन तुकडे.
कापताना काका पाठ करून बसले होते.
"काप वं पोरी, काप," भिंतीला म्हणत होते.

हँडल बर्फगोळ्याच्या यंत्राचं.
फिरवलं की अजून हाताला चिकटतं.

बटर पेपरचे अठ्ठावीस ताव, खळीनं जोडलेले.
खळ काकूनं शिजवली, सुताला लावायची तीच.
"पातळ नको, घट्ट नको, बोटाला विचार."
त्यावर मी शाईनं काढत गेले
इतवारीची पाटी, तारा, बाभळी,
डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई,
मिरच्यांचं वावर. लाल शाई नव्हती,
नुसतेच टोकदार ठिपके.

गाडी मात्र कागदावर नाही.
ती पुठ्ठ्याची, काडीवर, माझ्या हातात,
छोट्या लाइनची, डबे चार.
ती जागची हलत नाही.
मागून मुलूख सरकतो
आणि बघणाऱ्याला वाटतं, निघाली.

धूर काही जमेना.
कापूस लावला तर मेंढी दिसली.
काका आत गेले, ट्रंकेतून एक्स-रे घेऊन आले,
मेडिकलचा, तीन वर्षांपूर्वीचा.
"हा घे. याच्यात लय धूर हाये."
"काहून असं बोलता?" काकू म्हणाली.
मी फासळ्यांच्या मधून कापलं,
जिथं ढगाळ होतं तिथून.

पाचपावलीत त्या रात्री लाइट गेली नाही,
म्हणून गल्लीतली आम्हीच घालवली.
धोतर ताणलं, मागं साठचा बल्ब.
हँडल काकांनी घेतलं.
मी म्हटलं, हळू. ते माझं ऐकत नव्हते,
कागदाचा ताण ऐकत होते.
एकही सुरकुती पडली नाही.

उमरेड आलं आणि कागद संपला.
पुढं नुसताच उजेड.
"भिवापूर कुठं हाये?" पराते यांचा धाकटा उभाच राहिला,
"नागभीड काहून नाही काढलं?"
दुकानात ताव तेवढेच होते, मी सांगणार,
तर काका हँडल उलटं फिरवू लागले.

मिरच्या आल्या.
बाई टोपल्यासकट मागं मागं चालत गेली,
पोरं हसून लोळली.
गाडी उलटी चालली हे ठीक,
धूरही धुराड्यात परत जायला हवा होता.
तेवढं माझ्याच्यानं झालं नाही,
तो तसाच वर धरून ठेवला.

इतवारीच्या पाटीशी काका थांबले. खोकले.
धोतर हललं, तारा हलल्या.

"आणखी एकडाव!" पोरं ओरडली.
काका म्हणाले,
थांबा बे, हात बदलू द्या.