तीस दिवसांच्या आत

एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत खिडकी उघडी होती.
चटई कारखान्याच्या बोर्डावर मीच लावलं होतं,
मोठ्या अक्षरात, मराठीतून:
मेडिक्लेममध्ये घरच्यांची नावं घालायची असतील तर घाला.
नंतर येऊ नका.
आखाजी झाली. कागद उन्हानं पिवळा पडला.
आणि आषाढात सुकलाल बाविस्कर आला,
लूम नंबर नऊ, बोटांवर प्लास्टिकच्या पट्ट्यांचे ओरखडे.
केवळबाईच्या पित्ताशयात खडे निघालेत, म्हणाला,
आणि सोनोग्राफीचा कागद
टेबलावर उलटा ठेवला.

मी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.
बंद खिडकीला एक फट असते.
मुदतीनंतर नाव घालण्याचे कारण:
विवाह. जन्म. दत्तक.
यातलं एक निवडा, घडल्यापासून तीस दिवसांच्या आत.
आजार त्या यादीत नव्हता.
अकरा वर्षं एकाच तव्यावरची कळण्याची भाकरी,
तीही नव्हती.

सगळ्या शिफ्टला ठाऊक होतं.
केवळबाईचा पहिला नवरा सूतगिरणीत असताना वारला,
त्याची पेन्शन महिना चौदाशे पन्नास,
आणि पेन्शनची अट एकच,
की बाईनं विधवाच राहावं.
ती राहिली. कागदावर.
कोणी विचारलं तर सुकलाल सांगायचा, शेजारच्या बाई.
मधे भिंत कुठली होती, ते कोणी विचारलं नाही.

मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
ऑपरेशन सत्तर हजार.
पेन्शन वर्षाची सतरा हजार चारशे.
म्हणजे एका पित्ताशयाला चार वर्षं.
दोघं गेटबाहेर निंबाखाली बसून राहिली,
डबा मधोमध, झाकण लावलेलं.
मग ती एकटीच आत आली, पदर खोचून,
माझ्याशी भांडायला आल्यासारखी:
"भाऊ, हाई लगीन नही.
आमी इमा काढी राहिनूत."

विवाह नोंदणीच्या ऑफिसातही एक फळा आहे.
त्यावरही तीसच दिवस.
कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.
कानबाई बसली, उठली, रोट संपले.
हरकत आली नाही.
फक्त कोणा टारगट पोरानं
फोटोतल्या केवळबाईला पेनानं मिशा काढल्या.
तिनं त्या पाहिल्या आणि म्हणाली, याच्यापेक्षा बऱ्या आहेत.

तीन साक्षीदारांत एक मी.
सही करताना हात का अडला कोण जाणे,
रोज शंभर सह्या करतो.
परत येऊन लगेच फॉर्म उघडला.
विवाहाची तारीख?
सुकलाल म्हणाला, कोनती लिखू?
एक होती कालची, शिक्क्याची.
दुसरी त्याला तारखेनं येत नव्हती.
चैत्र होता, कूलर जळाला होता,
अख्खी गल्ली गच्चीवर,
आणि हिनं आपली चटई उचलून
त्याच्या चटईला लावली होती.
चटई आपल्याच कारखान्याची, सेकंड क्वालिटी,
कडेला शिवण सुटलेली. एवढं आठवत होतं त्याला.

मी शिक्क्याची घातली.
दुसरीला चार हजार दिवस होऊन गेले होते,
तेवढी मुदत कोणी देत नाही.

ऑपरेशन भाऊबीजेनंतर झालं.
खडे तिनं डबीत भरून आणले,
मला दाखवले, मोजून सात.
हा डिगाऱ्यावरचा नाही ना, म्हणून सुपरवायझर हसला.
पेन्शन बँकेत यायची थांबली होती.
त्याबद्दल ती काही बोलली नाही,
एकदाच, जाता जाता, "त्यासनी बी सुटका व्हयनी" म्हणाली.
कोणाची, ते मी विचारलं नाही.

कार्ड मीच हातात दिलं.
केवळबाई सुकलाल बाविस्कर. नाते: पत्नी.
तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं,
सुकलालकडून चष्मा घेतला,
बोटानं एकेक अक्षर दाबत खालच्या ओळीवर आली.
वैधता, एकतीस मार्च.

"मार्चलोंगच शे का हाई?"
तिनं त्याला विचारलं,
आणि तो माझ्याकडे पाहत राहिला.